चाकणच्या वर, पावणेसात

खाली चाकणचे कारखाने दिवे लावत होते,
भामा आसखेडच्या पाण्याने थोडा उजेड अजून धरून ठेवलेला.
विमान माझ्या हातात, म्हणजे खरं तर ऑटोपायलटच्या,
आणि कॅप्टन नरोन्हा कागदी कपातला शेवटचा घोट घेत म्हणाले,
लोहगावला वारा पश्चिमेचाच दिसतोय.

तेवढ्यात पडद्यावर पिवळा ठिपका.
ट्रॅफिक, ट्रॅफिक.
आम्ही दोघांनी माना लांब केल्या.
काचेपलीकडे धुरकट जांभळं. दुसरं काही नाही.
मग ठिपक्याचा लाल चौकोन झाला
आणि तो आवाज आला, जो कुणाचाच नसतो,
ज्याला वय नाही, गाव नाही, घाईसुद्धा नाही:
क्लाइंब. क्लाइंब.

त्याच क्षणी कानात लोहगावचा पोरगा,
हवाई दलातला, आवाजावरून पंचविशीचा:
उतरत राहा, आठ हजारांवर या.

सिम्युलेटरमध्ये चाळीस वेळा केलंय हे.
उत्तर पाठ आहे:
अशा वेळी माणूस एक सांगतो, यंत्र दुसरं,
तर ऐकायचं यंत्राचं.

रविवारात, बोहरी आळीत,
समोरून सायकलवाला येतो.
तुम्ही डावीकडे, तो त्याच्या उजवीकडे,
म्हणजे दोघं एकाच बाजूला.
मग दोघं पलीकडे. पुन्हा दोघं अलीकडे.
शेवटी चाकाला चाक लागतं
आणि दोघं एकदमच ओरडतात, दिसत नाही का?
दोघांनाही दिसत असतं. तीच तर अडचण.

वरती त्यावर उपाय काढलाय.
दोन विमानांतली दोन यंत्रं
आपल्याला न विचारता आपसात बोलून घेतात:
तू खाली, मी वर.
ठरलं.
आता एकानं जरी स्वतःचं डोकं चालवलं
तर बोहरी आळी.

ऑटोपायलट काढला. नाक वर.
काटा हिरव्या पट्ट्यात नेला आणि तिथेच धरला.
मागे कुठेतरी ट्रॉली घरंगळली, कुणीतरी अगं आई म्हणालं.
नरोन्हा रेडिओवर, किराणा सांगावा तसे:
टीकॅस आरए.
रॉजर, म्हणाला पोरगा, आणि गप्प झाला.
गप्पच राहायचं असतं त्यानं, तसा नियम आहे.
पण त्याचं ते गप्प बसणं
मला हेडफोनमध्ये नीट ऐकू येत होतं.

मग ते दिसलं.
एक लाल दिवा, एक हिरवा,
पोटाखालचा लुकलुकता,
सहाशे फूट खालून सरकत गेलं.
चढत आलेलं, पण आता नाक खाली घातलेलं,
आळीत एखादा खांदा तिरका करून वाट देतो
आणि तोंडाकडे बघतही नाही, तसं.

क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट.
सगळं मिळून बावीस सेकंद.

लोहगावला उतरल्यावर फॉर्म भरला.
प्रतिसादाला लागलेला वेळ: चार सेकंद.
पाच चालतात.
त्या चारांतला एक मी
नरोन्हांच्या तोंडाकडे बघण्यात घालवला,
ते काय म्हणतात म्हणून.
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
नरोन्हांच्या पँटवर चहाचा डाग होता,
सही करताना ते तो फाइलने झाकत होते.

तो इंदूरला निघालेला, एवढंच कळलं.
आता जेवला असेल.
नाव माहीत नाही, बाई की बुवा तेही नाही,
पण त्यानं ऐकलं.
मी वर गेले, कारण तो खाली जाणार होता
आणि तो खाली गेला, कारण मी वर जाणार होते,
आणि यातलं आम्ही दोघांनीही काही ठरवलं नव्हतं.

धानोरीला पोचले तेव्हा अकरा वाजून गेलेले. लिफ्ट बंद.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोतनीस, कुत्र्याला फिरवायला निघालेले.
मी भिंतीकडे सरकले, तेही भिंतीकडे.
मी कठड्याकडे, तेही.
सॉरी, म्हणाले ते. सॉरी, म्हणाले मी.
पुन्हा भिंत.

शेवटी कुत्र्यानंच त्यांना ओढलं,
न भुंकता,
खाली.