गिरणीच्या वरची खोली

बुद्ध आमच्या घरी होताच.
ट्यूबलाइटखाली, कॅलेंडरशेजारी,
वर्षातून दोनदा नवा हार,
एरवी धूळ आणि पालीची जा-ये.
त्याच्यासमोर बसावं कसं
हे बापानं सांगितलं नाही.
त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.
त्यानं उभं राहायला शिकवलं,
तेच त्या काळात पुष्कळ होतं.

उद्यमबागेत मी साचे भरतो.
काळी वाळू दाबायची, ठोकायची,
मग पॅटर्न अलगद उचलून घ्यायचा.
उरते त्या पोकळीत लोखंड उतरतं.
शालन गेली त्या मार्चमध्ये
रात्रपाळी मागून घेतली.

दहा दिवस मौनात बसून आलो, कोल्हापूरकडं.
श्वास सापडला.
परतीच्या बसमध्ये कोगनोळी नाक्यापर्यंत टिकला.
मग गच्चीवर एकटाच, तीन आठवडे.
चौथ्यात पाण्याचा पंप बिघडला
आणि बसणं राहिलं ते राहिलंच.

थंडीत स्वेटर विकणाऱ्या तिबेटी म्हाताऱ्याला विचारलं.
मुंडगोडला ये, म्हणाला.
गेलो. सोनेरी छतं, माणसाएवढे ढोल,
शेकडो गळे एकाच खोल सुरात.
दारात चपला सांभाळत उभा राहिलो.
डोळे भरले, खरंय,
पण मध्ये दोन बसा होत्या आणि एक अख्खी भाषा.

पुण्याचे एक साहेब म्हणाले, आधी परंपरा ठरवा.
म्हटलं, आधी सुट्टीचा वार ठरतोय का बघतो.

खोली सापडली ती भलत्याच कामात.
वडगावात दळण टाकायला गेलो,
वीज गेली, पट्टा थांबला,
आणि वरून ऐकू आली वंदना, कानडी हेलात:
लहानपणचेच शब्द,
दुसऱ्याच पायांनी चालणारे.

लोखंडी जिना. अकरा माणसं.
किल्ली लगमव्वाकडं, मागावर बसणारी बाई.
तिनं नाव विचारलं नाही, चटई सरकवली.
"कूडरी," म्हणाली.
खाली चौकात पाटीवरच्या अक्षरांसाठी
दगड उचललेली पोरं मी पाहिलीत.
त्यातलाच एक होतो, खोटं कशाला बोलू.
वर सगळे पाली म्हणत होतो
आणि सगळेच चुकत होतो.

वीज आली. गिरणी सुरू झाली,
फरशी थरथरली,
मांडीखाली कुणाची तरी ज्वारी दळली जात होती.
वाटलं, आता उठतील.
कुणी हललं नाही.
निंगाप्पा तर थोडा घोरतही होता.

आता दर रविवारी जातो. गुडघा दुखतो.
मागच्या खेपेला पाळी आली, चुकलं.
सोमवारी कारखान्याच्या फाटकापाशी
लगमव्वाचा पोरगा सायकल टेकवून उभा:
"आई म्हणाली, चटई गुंडाळली नाही अजून.
आणि तुमचा पिठाचा डबा
पंधरा दिवस तिथंच आहे."

एकट्याला पीठ लागतं किती?
राहू दे म्हटलं,
रविवारी न्यायला येतो.