डावीकडून तिसरं

माहगंजच्या मानेवर शेकाची पिशवी ठेवली
की ती डोळे मिटून बोलायला लागते,
थोडं बलुची, थोडं अरबी, थोडं सिनेमातलं हिंदी.
पाचवा-सहावा मणका झिजलाय, मी सांगते.
ती म्हणते, एक मणका काय घेऊन बसलीस, माळच झिजली.

गेल्या मंगळवारी तिनं उशीमागून
बिस्किटांचा डबा ओढला.
आत चिंधी, चिंधीत हार:
अकरा नाणी, काळवंडलेली, प्रत्येकाला कडी झाळलेली,
आणि इतका जड
की मला आधी दुखण्याचं कारण सापडलं,
दागिना नंतर दिसला.
"तू हिंदी, दुकानदार हिंदी. तुला फसवणार नाही.
विचारून ये, माझी किंमत आता किती."
मेहरात आलेली नाणी. 'माझी' म्हणाली ती.
मी व्याकरण सुधारायला गेले नाही.

मत्रहच्या सूकात, लोबानाच्या धुरापलीकडे,
धरमसीभाईंचं दुकान. पिढ्या पाच, जागा दीड माणसाची.
"कोल्हापूर?"
"मिरज."
"तेच ते," म्हणाले, आणि माझं तिथंच बिनसलं.

भिंग डोळ्याला लावलं.
दहा नाण्यांवर एकच बाई, भरल्या अंगाची,
डोक्यावरून पदर घेतलेली,
कुठल्याशा थंड मुलखाची राणी.
दहाही नाण्यांवर एकच साल: सतराशे ऐंशी.
मी हुरळले.
"थांबा, ताई. राणी मेली, तरी टांकसाळी
दोनशे वर्षं तेच साल ठोकत राहिल्या.
इकडे दुसरं साल कुणी हातात घ्यायचं नाही."
मधलं अकरावं आपलं राणीछाप,
बंदा रुपया, झिजला तरी तोळ्याला टेकलेला.

"कड्या नसत्या तर शौकिनानं चार पैसे जास्त दिले असते.
गळ्यात घातलं की नाणं उतरतं.
आता भाव निव्वळ चांदीचा."
मग एकेकाला कडीत धरून टिचकी मारत गेले.
खण्ण. खण्ण.
ठक्क.
कसोटीवर घासलं, थेंब सोडला,
थेंब हिरवा झाला.
कागदावर राण्या नऊ, रुपया एक,
तिसऱ्यापुढे पूज्य.
खाली बेरीज, रियाल आणि बैसे.
बैसा म्हणजे आपलाच पैसा,
समुद्र ओलांडताना पहिलं अक्षर बदलून आलेला.

चढावर पिशवी पोटाशी धरून दोनदा ठरवलं,
तिसऱ्याचं सांगायचं नाही.
नवरा कबरीत, बाई ऐंशीची,
तिच्या मेहरात खोट होती हे आता कशाला?
माझ्या लग्नात काय काय पितळ निघालं,
मला कुणी घासून दाखवलं नव्हतं,
आणि तेवढी वर्षं बरी गेली.

आकडा वाचून दाखवला.
तिनं मान डोलावली, डोलवायची नाही असं बजावूनही.
"खोटं एकही नाही?"
मी शेकाची पिशवी नीट करत राहिले.
"पोरी."
"एक. डावीकडून तिसरं."
तिनं डोळे उघडले.
"मग माणूस खरा आहे. विकायचं झालं तर त्यालाच."

नंतर, माझे अंगठे तिच्या खांद्यात रुतलेले असताना,
भिंतीशी बोलावं तशी बोलली:
गावात डॉक्टर नव्हता. पोर तापानं फणफणलेलं.
मचवेवाला चांदी बघितल्याशिवाय शीड सोडेना.
नवरा तेव्हा बहरीनला.
तो यायच्या आत सोनाराकडून हे ओतून घेतलं.
पुढं चाळीस वर्षं, दर ईदेला,
तो हार मांडीवर घेऊन मोजायचा.
अकराच भरायची.

"आणि पोर?"

दार ढकलून दाऊद आत आला,
साठीचा, पोट सुटलेला, हातात मासळीची पिशवी,
आणि चप्पल काढता काढताच ओरडला,
सुरमईचा भाव तेवढा विचारू नका.