थांबायची अट

अकरा संगणक आले टेम्पोतून.
थर्माकोल पोरांनी आधी वाटून घेतलं,
मग मुख्याध्यापकांनी कुलूप आणलं
आमच्या अख्ख्या शाळेला शोभणार नाही असं.

चालतात सहा.
एकाचा स्पेसबार अडकतो,
त्यावर टाइप केलेली नावं
एकमेकांना चिकटून बसतात
तिसरीच्या वर्गासारखी.

मी शिकून आले होते दोन दिवस
कोल्हापुरात, पंखा बंद असलेल्या हॉलमध्ये.
वहीत उतरवून घेतलं: आज्ञा, क्रम, पुनरावर्तन.
पुनरावर्तनाखाली दोन रेघा.
दोन रेघा मारल्या की मला समजल्यासारखं वाटतं.

हुपरीत परतले तर सोमवारी वीज नव्हती.
म्हणून मीच झाले यंत्र.
म्हटलं, सांगा, दारापर्यंत कशी जाऊ?
'पुढं चला,' अफ्रोज म्हणाला.
मी चालत राहिले.
बाक, दप्तर, कुणाचा तरी डबा,
आणि भिंत.
कपाळाला चुना.
वर्ग लोळला हसून.
'बाई, भिंतीत घुसलासा की!'
'तू थांब म्हणालाच नाहीस.'
'ते काय सांगायचं असतंय व्हय?'

सांगायचं असतं, अफ्रोज.
हे मनात म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं, पुन्हा.

मग फळ्यावर तो लांबलचक शब्द.
पाढ्यांचं उदाहरण दिलं, घड्याळाचं दिलं,
दोरीवरच्या उड्यांपर्यंत आले.
कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही.

शेवटच्या बाकावरून सन्मती खोत उठली.
ती बोलत नाही सहसा.
बोटांची टोकं काळपट, घरच्या चांदीकामाची,
वहीच्या कोपऱ्यांवर तिचे ठसे असतात,
हजेरी घेतली नाही तरी कळतं आली होती ते.

'बाई, हे तर आईचं काम हाय.
दोन कड्या, एक घुंगरू.
दोन कड्या, एक घुंगरू.
एक इसरलं की तेवढ्या जागी पैंजण मुकं.
मग उजेडात धरून बघायचं कुठं चुकलंय,
आणि तिथनंच उसवायचं.
सगळं न्हाई.'

मी खडू खाली ठेवला.
प्रशिक्षणात चूक शोधण्यावर एक अख्खा तास होता.
त्या तासाला चहा आला होता.

'बरोबर,' म्हटलं. 'आणि थांबायचं कधी?
यंत्राला अट घालावी लागते,
नाहीतर ते भिंतीत घुसतं, माझ्यासारखं.'

ती हसली नाही.
बोटावरचं काळं दुसऱ्या बोटानं पुसत राहिली,
ते जात नव्हतं.
'शेटजींचा माणूस माल न्यायला येईस्तवर,' म्हणाली.
आणि खाली बसता बसता,
'न्हाईतर डोळ्यांतनं पाणी येईस्तवर.
ह्यातलं जे आधी हुईल ते.'

जे आधी होईल ते.
वहीत माझ्या असंच काहीतरी होतं,
दोन चौकोन, मधे एक बाण,
मी उतरवून घेतलं होतं, वाचलं नव्हतं.

बुधवारी वीज आली.
सन्मतीच्या वाट्याला अडकलेला स्पेसबार.
तिनं पडद्यावरच्या कासवाला शिकवलं:
दोन पावलं, एक ठिपका.
किती वेळा, असं विचारणाऱ्या रिकाम्या चौकटीपुढं
ती खूप वेळ बसली.
मागून पोरं म्हणाली, हजार घाल, लाख घाल.
तिनं वीस घातले.

कासव चाललं, ठिपके पडले,
विसाव्याला थांबलं.
तिनं परत चालवलं.
परत थांबलं.
'गुमान थांबतंय,' ती म्हणाली,
अफ्रोजला नाही, मलाही नाही.

घंटा झाली. ती उठेना.
'बाई, हा आकडा
घरातल्या कामाला बी घालता येतोय का?'

मला उत्तर आलं नाही.
पोरं गेल्यावर संगणक एकेक करून बंद केले,
कुलूप लावलं,
ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.
तिसऱ्यांदा हात गेला
तो मधेच थांबवला.