काळी दोन

दरवर्षी दिवाळी सरली की मी वेंगुर्ल्याला उतरतो,
पिशवीत कानस, दोन पेचकस, भात्याला लावायचं कातडं.
अंधशाळेच्या पेटीत वर्षभराची खारी हवा साचलेली असते.
सूर हिरवे पडतात, काळी चार तर बोलतच नाही.
मुलं भोवती बसतात, हत्यारं चाचपून नावं विचारतात,
आणि एखादा पेच घरंगळला
तर माझ्याआधी त्यांना सापडतो.

त्या साली पंडित पुंडलिक कुबल येणार होते.
रेडिओवर हे एवढं नाव.
शाळेच्या जुन्या वहीत मात्र:
पुंडो, वय सात, मठ गाव,
देवी आल्या त्यात डोळे गेले,
सोबत एक चादर.

शाळेने त्यांना गाणं शिकवलं नव्हतं.
भाषणात हे कोणी म्हणालं नाही.
तेव्हाच्या गुरुजींचं मत, गळ्यावर पोट भरत नाही,
खुर्च्या विणा.
अकरा वर्षं वेत भिजवला, ताणला, बोटं सोलून घेतली.
गाणं आलं ते खिडकीतून:
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर,
काळी दोनच्या आसपास, रात्रंदिवस.
तिच्यावर पोराने आपला सा ठेवला.
तिन्हीसांजेला गावात दिवे लागले की वीज दमायची,
घरघर जराशी उतरायची,
आणि हा उशीत तोंड खुपसून
आपला सा होता तिथेच धरून बसायचा.
पुढे कोणी घराणं विचारलं की सांगायचे, बर्फाचं.
लोक हसायचे.

तर सोहळा.
कार्यालयाच्या भिंतीवर त्यांची तसबीर, काच, सोनेरी चौकट, हार.
हाताला धरून त्यांना तिथवर नेलं.
त्यांनी काचेवरून तळवा फिरवला.
"गुळगुळीत आसा. कोण हो?"
अध्यक्ष खोकले.
मागे साठ मुलं उभी होती.
त्या भिंतीवर काहीतरी आहे
हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग कोणीतरी गडबडीत एक खुर्ची सरकवली.
पंडितजी बसायचे राहिले.
वाकून बैठकीखाली हात घातला, बोटं कडेकडेने चालली,
डाव्या कोपऱ्यात थबकली.
"हयसर गाठ चुकली आसा."
आणि जरा वेळाने, "माजीच ही."
कारखाना तीन दिवस बंद होता म्हणे तेव्हा.
पट्टा तुटलेला.
एवढी शांतता, की हाताला घर मोजता येईना.

फिलू नावाची एक मुलगी सरळ खुर्चीखाली शिरली.
तिच्यामागून सगळी,
एकेक करून, पाठीवर निजून,
चुकलेली गाठ बघून बाहेर.
पाहुण्यांचा चहा निवला.
अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

गायला बसले तेव्हा मी काळी दोन दिली.
मान हलवली. "चढलो आसा. वायच खाली."
कारखाना बंद पडून वीस वर्षं झालेली,
तिथे आता नुसता पत्रा वाजतो.
मी पुन्हा दिली.
"नाय रे. दिवेलागणीचो दी."
मग माझ्याकडे तोंड करून, हसून,
"आता मीय उतारलंय."

सभा थांबली. मी पेटी उघडली,
पितळेच्या पातीला बुडाशी कानस लावली,
दोन घास, मग आणखी अर्धा.
दिला.
ते काही बोलले नाहीत. त्या सुरात नुसते
बसले, जुन्या खुर्चीवर बसावं तसे,
आणि बऱ्याच वेळाने गायले.

अजून जातो मी. सगळे सूर घासूनपुसून लावतो,
काळी दोनला हात लावत नाही.
नवे संगीतशिक्षक दरवर्षी तक्रार करतात,
हा एकच कसा उतरलेला?
मी म्हणतो, खारी हवा.
पेटीशी बसलेली पोरं
काही म्हणत नाहीत.