येतो

लेखकाचं नाव कसरीनं खाल्लंय.
मधला एक 'द' उरला आहे
आणि खाली पॅरिस, सतराशे नव्वद आणि काहीतरी.
पापाच्या तिकटीजवळ रद्दीच्या तराजूत सापडला,
पंचांगं आणि कुस्त्यांच्या जुन्या हँडबिलांच्या मधोमध.

त्याच्या गोष्टीत गढी आहे, धुकं आहे,
जिन्यावर उमटलेलं ओलं पाऊल आहे.
ते सगळं मराठीत निमूट उतरलं.
मी अडले सतराव्या पानावर,
एका शब्दाशी: रव्हनाँ.
मेल्यावर परत येणारा.

पिशाच्च म्हटलं की त्याला नखं फुटतात.
मुंजा पिंपळ सोडत नाही,
गिऱ्हा पाण्यापुरता.
हा तर बिचारा थडग्यातून उठून घरी येतो,
चुलीपुढं हात शेकतो,
बायकोला विचारतो, गाईला वैरण टाकलीस का?

पानं सुटायला लागली तेव्हा गेले
शनिवार पेठेत, दस्तगीर जमादारांकडं.
ते खळ शिजवत होते मोरचूद घालून.
बोटं निळी.
"कुठवर आलं तुमचं भूत?"
सांगितलं.
बराच वेळ सुईत दोरा जाईना.

"आमची हलिमा गेली, त्या राती सीपीआरमधी
मला म्हणली, येतो.
आता आपल्याकडं जातो कोण म्हणतंय?
सा वर्सं झाली, बाई.
मी दाराला कडी लावत न्हाई."
आणि दातानं दोरा तोडला.

मग त्यांनी जुना पुठ्ठा सोलला
आणि आत चिकटलेली एक चिठ्ठी निघाली,
छापखानेवाल्याच्या हातची:
लेखकाला पहाटे शिपाई घेऊन गेले.
गाडीत चढताना त्यानं वळून सांगितलं,
प्रुफं तयार ठेवा,
पुढचा शब्द मी तिथंच, उभ्या उभ्या, मराठीत वाचला.

सतराव्या पानावर काय लिहिलं ते सांगत नाही.
खोडून पुन्हा लिहिलं, एवढंच.

आज माझी प्रुफं आली,
शाईचा वास अजून उतरलेला नाही.
टेबलावर ठेवलीत, शेजारी लाल पेन,
खुर्ची थोडी मागं ओढून.
रंकाळ्याकडून गार वारं येतंय.
दिवा राहू दे म्हटलं.

कडीचं अजून ठरत नाही.