अगल

ही घरं मीच बांधलीत.
खानापुरात, कौलांच्या भट्टीमागं, तांबड्या मातीवर
एका ओळीत अठ्ठावीस,
सगळी एका मापाची,
न्हाणीचं दार चोवीस इंच,
कारण कागदावर चोवीस होतं
आणि चौकटी आधीच येऊन पडल्या होत्या लॉरीतनं.
तेव्हा कोण मोजतंय माणूस?
माणूस म्हणजे दोन पायांवर आत जाणारा,
जरा आडवा होऊन, बादली पुढं धरून.

आता एकवीस वर्षांनी
सातेरीच्या उंबऱ्यावर बसलोय, टेप घेऊन.
सातेरी खुर्चीत.
भट्टीवर कौलांची थप्पी कोसळली त्याच्या पाठीवर.
जन्मभर लोकांची छपरं केली, म्हणतो,
माझं जरा लवकर आलं.
असंच बोलतो. हसायचं की नाही कळत नाही.

खुर्ची सव्वीस.
टेप परत लावला. सव्वीस.
बाळाक्का म्हणाली, "किती बी वेळा मोज, भरमाणी.
ते दोन इंच मी रोज उचलते."

सरकारी घरात बदल करायला पैसा आलाय म्हणे.
पट्टण पंचायतीतनं फॉर्म आणलाय, सगळा कन्नड.
शेजारची सुनंदा वाचून दाखवते, नववीतली,
एकेका अक्षरावर बोट ठेवत:
मने, म्हणजे घर.
बागिलु, दार.
अगल...
मी म्हटलं, अगळ? आतनं लावतात ती?
"नाही ओ काका. अगल म्हणजे रुंदी."

मी चौकटीकडं बघत राहिलो.
अगळच की.
लावून मी गेलो होतो, पगार घेऊन.

पुढं दोन चौकोन, खूण एकावरच.
एकात बदल: दार, उतार, धरायला नळी.
दुसऱ्यात वाढ: मागं आठ बाय दहाची खोली.
सातेरी म्हणाला, वाढ.
पोराचं लग्न ठरलंय,
सून काय आमच्या उशाशी झोपणार?
बाळाक्का गप्प.
मग तिनं पान थुंकलं, तोंड पुसलं,
"दार कुठलं गं ह्यातलं?" विचारलं,
पोरीच्या हातातनं पेन घेतला
आणि कागद फाटेस्तोवर दाबून
एक फुली मारली.

हप्ता फोटोशिवाय सुटत नाही.
इंजिनिअर आला, मोबाइल धरला,
"लाभार्थ्यानं घरापुढं उभं राहायचं. नियम आहे."
"कुणी?" सातेरी म्हणाला. "मी?"
पोरगा नवा होता, कानापर्यंत लाल झाला.
इकडंतिकडं बघितलं,
मग पँटची पर्वा न करता मातीत गुडघे टेकले,
मोबाइल सातेरीच्या डोळ्याला आणला.
खालनं काढल्यामुळं की काय
फोटोत घर जरा मोठं आलंय.

छन्नी लावली आणि माझंच प्लास्टर
भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं.
वाळू जास्त, सिमेंट कमी.
कुणी बघत नव्हतं तेव्हा. आज सातेरी बघत होता.
त्यानं काही म्हटलं नाही,
तेच जड गेलं.

दार छत्तीस केलं.
फुटाला बारा फूट उतार,
अंगण पुरेना, मोरीपाशी वळवला,
तरी हातभर रस्त्यात गेलाय.
तक्रार करायची तर करू देत.
दुसरा हप्ता अजून यायचाय,
सिमेंटवाला रोज फोन करतोय.

काल सातेरी एकटा गेला आत.
चाकं ओल्या फरशीवर चुरचुरली,
दार ओढून घेतलं त्यानं,
तीन वर्षांत पहिल्यांदा बंद.
बाळाक्का बाहेर, हातात टॉवेल,
घडी घालायची, मोडायची.
मी कान देऊन उभा,
कडीचा आवाज यायची वाट बघत.

नाही आला.
खडखड, मग शांत, मग परत खडखड,
मग आतनं शिवी, आणि
"भरमाण्या!
ही कडी लावलीस ती
कुणाच्या उंचीवर रे?"

पिशवीतनं स्क्रू-ड्रायव्हर काढला.
बाहेरनंच विचारलं,
"तुझा हात कुठपर्यंत येतोय, सांग."