विषय क्रमांक एक

बार रूमच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली
कारण सेक्रेटरीपदाला दुसरा अर्जच नव्हता.
कपाटात सत्तावीस वर्षांची इतिवृत्तं,
वेल्फेअर फंडाच्या तिकिटांचा डबा,
आणि पिवळा पडलेला एक बँड, कुणाचा ते कुणी सांगत नाही.
अध्यक्ष गुळवणी म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे.
ते असं म्हणाले की पुढं बोलायचं नसतं.

त्या शनिवारी विट्यात लाइट नव्हती.
काळ्या कोटातली चौतीस माणसं. गणपूर्ती झाली, नोंदवली.
थकबाकीदारांची नावं वाचली तेव्हा
दोघातिघांना खोकला आला.
गाड्या लावायच्या पत्र्यावर अर्धा तास गेला,
झेरॉक्सवाल्याच्या भाड्यावर पाऊण.
मग, अध्यक्षांच्या परवानगीने, आयत्या वेळचा विषय:
'सन्माननीय सदस्य ॲड. दिनकर महिंद यांचेविरुद्ध
कोणाही सदस्याने वकीलपत्र घेऊ नये.'

कोणाचं वकीलपत्र, ते ठरावात नव्हतं.
आळसंदची वैजयंता सपकाळ.
नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात; भट्टी फुटली.
दोन वर्षं दावा चालला,
भरपाईचा चेक महिंदांच्या खात्यातून फिरून
तिच्यापर्यंत पोचला तेव्हा अंगानं निम्मा झालेला.
आमच्याकडची माणसं देशभर सोनं गाळतात,
राखेतला कणसुद्धा ज्याचा त्याला मोजून देतात,
नवे न्यायाधीश आले की स्वागताच्या भाषणात
हे आम्ही न चुकता सांगतो.

ती सात वकिलांकडे जाऊन आली होती.
सातही जणांनी तिला पाणी दिलं.
आठवी मी.
मीही पाणीच दिलं.

महिंदसाहेब पहिल्या रांगेत चष्मा पुसत होते.
माझ्या पहिल्या जामीनअर्जाला मी कलम विसरले
तेव्हा मागून हळूच आकडा सांगणारे हेच,
नंतर कधी त्याची आठवण न करून देणारेही हेच.
हात वर झाले. मोजायचं काम माझं.
तेहतीस, त्यांचा स्वतःचा धरून.
माझ्या हातात पेन होतं.
पेन धरलेला हात वर होत नाही, ही माझी सबब
रात्री माझ्याच उलटतपासणीत टिकली नाही.
गुळवणी म्हणाले, लिहा, सर्वानुमते.

घरी पक्क्या वहीत उतरवताना
सूचक लिहिला, अनुमोदक लिहिला,
आणि 'सर्वानुमते'च्या 'स'पाशी थांबले.
या सर्वांत मी किती आणे?
लिहिलं: बहुमताने. बाजूने तेहतीस, तटस्थ एक.
दूध उतू गेलं, गॅस पुसला, परत बसले.
'तटस्थ' खोडलं.
वहीत खाडाखोड चालत नाही,
खोडलेल्या जागी सही करावी लागते. केली.
वर बारीक अक्षरात: विरुद्ध.

खोटं इतिवृत्त लिहिलं मी, कळतं मला.
सभेत तोंड उघडलं नव्हतं;
'तटस्थ' हेच खरं होतं,
आणि तेच वाचवत नव्हतं.

पुढच्या महिन्यात विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
हे कुणी ऐकत नसतं.
चहाचे ग्लास फिरतात, मोबाईल बघून होतात,
मी वाचते, ते 'कायम, कायम' म्हणतात,
गोंधळ्यांच्या मागं जी ओढल्यासारखं.

'विरुद्ध एक' वाचलं.
पंखा चालू होता, तरी ऐकू गेलं.
गुळवणींनी विचारलं, हा एक कोण?
महिंदसाहेबांनी चष्मा घातला
आणि पहिल्यांदा माझ्याकडे
विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडे बघावं तसं बघितलं,
म्हणजे नीट.

मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.
पिशवीतून वकीलपत्र काढलं.
वैजयंताबाई सही करतात, वेलांट्या जपून काढत;
तिकीट त्याच डब्यातलं, रीतसर पावती फाडून.

त्या सभेत पुढं जे झालं ते कुणी लिहून घेतलं नाही.
वही अजून टेबलावर आहे.
आधीच्या सभेचं इतिवृत्त
अजून कायम व्हायचं आहे.